बावीस वाकळांचा स्टुडिओ

मयताच्या घरात टाळी वाजवणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला.

गडमुडशिंगीला आमच्या शेजारचे आजोबा वारले त्याचा तिसरा दिवस होता. बायका आत, पुरुष सोप्यात, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एवढ्यात एक उंच, वाळका माणूस दारात आला. चपला काढल्या, दोन्ही हात वर घेतले. आम्हाला वाटलं हात जोडणार. त्यानं फाडकन एक टाळी वाजवली आणि मान तिरकी करून आढ्याकडं बघत उभा राहिला.

सगळं घर गार. आजोबांचा थोरला लेक उठून म्हणाला, "पावणं, हे काय म्हणायचं?"

"खोली लई चांगली हाय," तो म्हणाला. "मातीच्या भिंती, वर कौलं. म्हाताऱ्याचा आवाज हितं ग्वाड लागत असणार." आणि तिथंच खाली बसून ढसाढसा रडायला लागला. नाटकी नव्हे, खरं रडणं. आजोबांचा रेडिओ तीस वर्षं हाच माणूस दुरुस्त करत आला होता, हे नंतर कळलं.

मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. वडील डेअरीवर दुधाचे कॅन उचलायचे, आई लोकांच्या वाकळा शिवायची. मला पदवीचा अभिमान होता, अजून आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्या अभिमानातच मी त्या माणसाला फाटकापाशी गाठून विचारलं, "तुम्ही टाळी कशाला वाजवली?"

"घुमतंय का बघायला. तू काय शिकलीस?"

मी सांगितलं.

"सोल्डरिंग येतंय? का प्रॅक्टिकलच्या वहीपुरतंच?"

"येतं."

"मग सोमवारी उद्यमनगरला ये. मंगळवारी आलीस तर ऐकू यायचं न्हाय."

ते माझे पहिले मालक. आम्ही सगळे त्यांना मालकच म्हणायचो. मी आले की ते म्हणायचे, "या ग्रॅज्युएट."

मंगळवारी ऐकू येणार नाही म्हणजे काय, ते सोमवारी गेल्यावर कळलं. मालकांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ कोल्हापुरात, उद्यमनगरच्या एका गल्लीत होता. डाव्या बाजूला लेथ, उजव्या बाजूला लेथ, मागं ड्रिलिंगचं शेड. सहा दिवस तिथं कानात लोखंडाचा कीस पडल्यासारखं वाटायचं. तिथं स्टुडिओ काढणाऱ्या माणसाला काय म्हणावं? पण सोमवारी गल्लीला सुट्टी. मशिनं बंद, शटरं बंद, कुत्रंसुद्धा सावलीला. "खोली साउंडप्रूफ करायला लाखाच्या वर जात्यात," मालक म्हणाले. "मी सोमवार घेतलाय." भाडं गल्लीतलं सगळ्यात कमी. आठवड्यातून एक दिवस रेकॉर्डिंग, बाकीचे सहा दिवस दुरुस्ती.

आतलं बघून मी आणखी गार पडले. माइक सलाईनच्या स्टँडला टांगलेला. दवाखान्याच्या भंगारात घेतलेला स्टँड, चाकं अजून शाबूत. माइकच्या पुढं चहाची गाळणी, तिच्यावर जुन्या नायलॉन साडीचा तुकडा ताणून बसवलेला, गाणाऱ्याचा श्वास फाडकन माइकवर आपटू नये म्हणून. हेडफोनच्या गाद्या चप्पल शिवणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून शिवून घेतलेल्या, मऊ कातड्याच्या, बाजूला चपलेसारखीच वेणी. मुंबईहून आलेला एक गायक त्या हेडफोनकडं बघून हसला होता. दोन तासांनी त्यानं तसली एक जोडी मागितली.

मालकांचा खरा बाजार अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी असायचा. मिरवणुकीत रात्रभर ठणाठणा वाजवून डॉल्बीवाल्यांचे निम्मे स्पीकर जळलेले असायचे, माणसं दमलेली, हप्ते डोक्यावर. मालक सायकल घेऊन त्यांच्या गोडाऊनला हिंडायचे. "जळलेला स्पीकर मेलेला नसतोय," म्हणायचे, "त्याला फक्त भाजलंय." आणि तो उचलून आणून नवा कागद, नवी तार घालून उभा करायचे. पण घ्यायच्या आधी परीक्षा. खिशातून पेन ड्राइव्ह काढायचे, त्यात एकच रेकॉर्डिंग. त्यांच्या बायकोनं सुपात आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पाखडल्याचा आवाज. एवढंच. डॉल्बीवाली पोरं हसून लोळायची.

"मालक, गाणं लावा की एखादं झकास!"

"गाणं सगळ्यातच बरं लागतंय रे. सुपातला दाणा आन् खडा ज्याच्यात वेगळा कळला त्यो स्पीकर. बाकीचं फर्निचर."

कुठलीही वस्तू घ्यायची म्हटलं की ते तीनच प्रश्न विचारायचे. फुकट मिळतंय का? कुणाकडं पडून हाय का? घरात बनतंय का? तिन्हीला नाही आलं तर ते वस्तूच बदलायचे. दुकानाचा प्रश्न यायचाच नाही.

भिंतींना वाकळा होत्या. जुन्या साड्या, धोतरं, परकर थरावर थर घालून शिवलेल्या, अंथरायच्या त्याच. बावीस. चारी भिंतींवर खुंट्यांना टांगलेल्या, दोन छताला. त्यातल्या आठ माझ्या आईच्या हातच्या निघाल्या, हा मला बसलेला आणखी एक धक्का. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर मार्करनं लिहिलेलं होतं. 'ढोलकी'. 'बाईमाणूस'. 'हलगी, लांब'. 'म्हातारा गळा'. कोण गाणार त्यावर कुठली वाकळ कुठं ते ठरायचं. वाकळ हातात घेऊन ते तोंडापुढं धरायचे आणि तिच्याशी दोन शब्द बोलायचे. "ही कोरडी हाय," नाहीतर "ही आवाज गिळत्या, ढोलकीला ठेव."

मी शिकलेली. मी परदेशी फोमच्या पट्ट्यांची माहिती छापून आणली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "मोजून दाव." मी दोन दिवस खपून खोली मोजली, आलेख काढला. वाकळांनी फोमला मागं टाकलं नव्हतं, पण त्या फारशा मागंही राहिल्या नव्हत्या. मला राग आला. माझा आलेख माझ्याच विरुद्ध निघाला होता. मालकांनी तो दारावर चिकटवला आणि खाली लिहिलं, 'ग्रॅज्युएटची सही'.

एक गोष्ट मात्र खरी होती. त्या वाकळांना वास यायचा. किती वर्षांची धूळ, गाणाऱ्यांचे घाम, लेथचं तेल. भजनाच्या मधेच माणसं शिंकायची. आणि इथूनच माझी चूक सुरू होते.

नवरात्राच्या आधीचा आठवडा. आजऱ्याकडचे एक भजनीबुवा त्या सोमवारी यायचे होते. सत्तरीचे. गळ्यात गाठ निघाली होती. मंगळवारी मिरजेला भरती व्हायचं आणि बुधवारी ऑपरेशन, आवाजाची पेटीच काढणार होते. म्हणजे बुधवारनंतर बुवा गाणार नाहीत, बोलणारही नाहीत. डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हणून बजावलेलं. पण बुवांच्या बायकोनं मालकांना स्वतः फोन केला होता, "एकदा घेऊन ठेवा. मग काय व्हायचं ते होऊ दे." त्यांच्याकडं तेवढा एकच सोमवार उरला होता.

शनिवारी मी घरी सहज म्हटलं, सोमवारी बुवा यायचेत, आजारी माणूस, त्या धुळीत खोकला लागला तर काय करायचं. आईनं सुई खाली ठेवली.

"घट बसायला आल्यात, आणि तुमच्यात वर्सानुवर्साची धूळ? माझ्या हातच्या वाकळा त्या! लोक काय म्हणतील, शिवतीया पण धूत न्हाय?"

आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीला जातं. त्यात काय विचारायचं असतं? मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मालकांना चकित करू म्हटलं. रविवारी ते बायकोच्या माहेरी शाहूवाडीकडं म्हाळाला, पितरांच्या जेवणाला गेले होते. किल्ली माझ्याकडं. भल्या सकाळी टेम्पो करून बावीसच्या बावीस वाकळा आम्ही पंचगंगेच्या घाटावर नेल्या. आई आणि तिच्या दोन मैत्रिणींनी त्या धोपटून काढल्या. पाणी काळं-निळं झालं. मार्करची अक्षरंसुद्धा नदीला गेली, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. ऊन कडक होतं. संध्याकाळपर्यंत वाळतील, असा माझा पदवीधर हिशेब.

तीन वाजता वळीव आल्यासारखा पाऊस आला आणि सहापर्यंत थांबला नाही.

सोमवारी सकाळी सातला मी मालकांच्या आधी पोचून दारात उभी होते. काय सांगायचं ते पाठ केलं होतं. ते आले, कुलूप काढलं, सवयीनं टाळी वाजवली. टाळी चारी भिंतींवर आपटून परत आली. ती टाळी मला अजून ऐकू येते.

ते वळले. "वाकळा?"

"धुतल्या."

"कुणी?"

"आईनं. आणि मी."

मला वाटलं आता हाकलतील. ते उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "बुवा किती वाजता येणार?"

"दहाला."

"चल."

आम्ही गल्लीत, मागच्या वस्तीत, दारोदार फिरलो. स्टुडिओचा मालक आणि त्याची ग्रॅज्युएट, दोघं वाकळ मागत.

"वैनी, एक वाकळ हाय का? दुपारपर्यंत देतो माघारी."

"आता कुठली वाकळ? कालच नदीला गेल्या की सगळ्या. वल्ल्याच हाईत."

दुसऱ्या घरात, "मालक, रातच्याला पोरं पोत्यावर झोपवल्यात. तुम्हाला कुठली देऊ?"

चहाच्या गाड्यावाला म्हणाला, "माझ्या बायकोनं माझा स्वेटर पण न्हेलाय. ह्या आठवड्यात वाकळ मागणारा पावणा मी पयल्यांदा बघालोय!"

मंडपवाल्याच्या गाद्या मंडळांनी आधीच उचलल्या होत्या. सगळ्या कोल्हापुरात त्या दिवशी कोरडी वाकळ नव्हती. माझ्या आईसारख्या हजार आया होत्या आणि पाऊस सगळ्यांवर सारखा पडला होता. एका म्हाताऱ्यानं तेवढं घोंगडं दिलं. मालकांनी ते खांद्यावर टाकलं आणि आम्ही परत आलो. मला त्यांच्याकडं बघवेना.

दहाला बुवा आले. वडापच्या जीपमधून, आजऱ्याहून, मांडीवर पेटी घेऊन. बरोबर बायको, तिच्या हातात टाळ. बुवांचा आवाज बोलतानाच मधून फाटत होता. "करायचं न्हवं सुरू?" ते म्हणाले. "गळा तासभर चालंल. तासाच्या पुढं त्याचा भरोसा न्हाय."

आणि दारात गर्दी. आम्ही घरोघर वाकळ मागत हिंडलो, त्याचा तमाशा बघायला निम्मी वस्ती मागून आली होती. सुट्टीचे लेथवाले, बायका, चहावाला. दार भरलं, आत चौकटीपर्यंत माणसं शिरली. "काय झालंय, कोण गेलं का?" असं कुणीतरी विचारलंसुद्धा. मालकांनी चिडून त्यांना गप्प करायला टाळी वाजवली.

वाजवली आणि थांबले. मान तिरकी झाली. पुन्हा वाजवली. दाराच्या बाजूनं टाळी परत येत नव्हती.

"आत या," मालक म्हणाले. "सगळी आत या."

हा तोच माणूस, जो रेकॉर्डिंगला माशी आत येऊ द्यायचा नाही! गाणाऱ्याचं घड्याळ काढून बाहेर ठेवणारा! त्यानं सव्वीस माणसं भिंतींना पाठ लावून दाटीवाटीनं बसवली आणि वाकळा लावाव्यात तशी ती माणसं लावली.

"वैनी, तुम्ही बुवांच्या समोर. साडी सैल सोडा. तुम्ही पोरांनो तिकडच्या भिंतीला, हात घडी घालून. भाऊ, तुम्ही कोपऱ्यात."

"मीच का कोपऱ्यात?" तो लेथवाला जाडजूड होता.

"जाड आवाज, बास म्हणत्यात त्यो, कोपऱ्यात साठतोय. तुमच्याएवढा दुसरा हाय का कोण हितं?"

माणसं खो-खो हसली. असलं काही कुठल्या पुस्तकात नाही, पण तो जाड माणूस लाजत-लाजत कोपऱ्यात बसला. तेवढ्यात माझी आई आली, डोक्यावर एक अर्धओली वाकळ घेऊन, घाबरीघुबरी. मालकांनी तिच्याकडं बघितलं.

"तुम्ही माझ्या म्होरं बसा," ते म्हणाले. "नजरंसमोर. आणखी काय धुवायचं ऱ्हायलंय का बघायला जाशिला न्हाईतर."

बायकांना बांगड्या रुमालानं बांधायला लावलं. पंखा बंद. घोंगडं दारावर. मालकांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "ह्या माणसाला आज एक तासच हाय. शिंक आली तर गिळायची."

बुवा गायला लागले. सुरुवातीला आवाज खरखरीत लागला, दोन ठिकाणी तुटला. मग त्यांनी डोळे उघडले. समोर भिंत नव्हती, माणसं होती. त्यांनी पेटीवरचा हात सैल केला आणि आवाज वर नेला. मी हेडफोन लावून बसले होते. त्या खोलीत मी शेकडो रेकॉर्डिंगं ऐकली होती, पण असला आवाज नाही. मायेनं भरलेला, जवळचा, जरा फाटका. घामानं माणसं भिजली होती. चहावाल्याचा चेहरा लालबुंद झाला होता, शिंक दाबून दाबून. कोणी हललं नाही. पन्नास मिनिटं.

बुवांनी पेटी मिटली. मी रेकॉर्डिंग थांबवायला हात नेला, तर मालकांनी माझं मनगट धरलं.

"बुवा, आता बोला."

"काय बोलू?"

"घरात रोज काय बोलतासा ते."

खोलीत कुणालाच काही कळेना. बुवांनाही नाही. बुवांच्या बायकोला मात्र कळलं. ती पुढं सरकली. "व्हय म्हणा," ती म्हणाली. "आता न्हाय म्हणा. च्या टाक म्हणा. म्हशीला पाणी दावलं का, ते म्हणा."

बुवा एकेक म्हणत गेले. शिकवणीच्या पोरासारखे. मग ती आणखी जवळ सरकली. "आन् मला हाक मारतासा तशी मारा."

"सगळ्यांम्होरं?"

"मारा की. आता कुणाला लाजायचं?"

माझ्या आईनं डोळ्याला पदर लावला. रुमालाची गाठ सुटली आणि बांगड्या वाजल्या, किण्ण. आणि लगेच बुवा म्हणाले, "कुठं गेलीस गं?"

आई पांढरीफटक झाली. बुवांना पुन्हा म्हणायला सांगितलं, पण गळा बसला होता. नुसतं वारं आलं.

बुधवारी ऑपरेशन झालं. मी बुवांच्या त्या पाच बोलांवर काम करत बसले होते. बांगडी काढायला माझ्याकडं सॉफ्टवेअर होतं, तेही फुकटचं. मालकांना आवडेल म्हणून आवर्जून सांगितलं, फुकट आहे. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

"अहो, कायमची राहील ती!"

"ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं?"

मग त्यांनी भंगारातली एक मोडकी पेटी खोलली, तिच्या पाच पट्ट्या काढल्या. मी म्हटलं, दाबलं की बुवांचा बोल वाजवायचं काम मोबाइलवर दोन मिनिटांत होतं. "बुवाच्या बोटांना मोबाइल कुठला माहीत? पट्टी माहीत हाय." खेळण्यातल्या बोलक्या बाहुल्यांची, दारावरच्या बेलची सर्किटं गोळा केली. स्पीकर जळक्यातला, नव्यानं भरलेला. सगळं एका स्टीलच्या डब्यात. सोल्डरिंग मी केलं. प्रत्येक पट्टीला एक बोल. डबा झाल्यावर त्यांनी त्यातून आधी सुपातला तांदूळ वाजवून बघितला, मगच बुवा.

आता त्या जागी गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. मालक शाहूवाडीकडं राहायला गेले. मला चांगली नोकरी आहे, जिथं सगळं दुकानातून नवं येतं. तरी कुठलीही खोली बघायला गेले की माझे हात आपोआप वर जातात. घरमालक दचकतात.

पण त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही तिघं, मालक, आई आणि मी, आजऱ्याला गेलो होतो तो दिवस सांगायचा राहिला. बुवांचं घर काजूच्या झाडांच्या आडोशाला. आई सबंध वाटेत हातातल्या बांगड्या मागं सारत होती. तिला वाटत होतं, आपण त्या माणसाचा शेवटचा शब्द नासवला. दारात मालकांनी टाळीसाठी दोन्ही हात वर घेतले. तेवढ्यात आतून आवाज आला. किण्ण. "कुठं गेलीस गं?"

मालकांचे हात तसेच राहिले. मग त्यांनी ते हळूच खाली घेतले. आईनं माझा दंड घट्ट धरला.

"आलो की!" गोठ्यातून बुवांची बायको ओरडली आणि शेणाचे हात तसेच घेऊन धावत आली. आम्हाला बघून हसली. आई तिची माफी मागायला लागली, बांगडीबद्दल. ती म्हणाली, "अगं बाई, माफी कसली? बांगडी आधी वाजत्या, मग ह्यांचा आवाज. बांगडी वाजली की मी उठतो. लांबनं तीच पयली ऐकू येत्या."

आत बुवा खाटेवर बसले होते. गळ्याला पांढरा रुमाल, पुढ्यात डबा, त्याच्या पट्टीवर पेटीवर असावं तसं बोट. त्यांनी पुन्हा दाबलं. किण्ण. "कुठं गेलीस गं?"

"हितंच हाय की म्होरं!" ती म्हणाली. "सारखं दाबू नका. येतंय ऐकू मला."

बुवांनी मालकांकडं बघितलं, मिशीत हसले आणि तिसऱ्यांदा दाबलं.